दोनदा आलेली ओळ

सासरे : नाही पटत. खुनी कोण ते कळलं की रहस्यकथा मेली. उरलेली चार पानं म्हणजे पाहुणे गेल्यावरची भांडी.

सून : पण बाबा, ही रहस्यकथा नाहीच आहे. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

सासरे : मनोऱ्यावरचं घड्याळ दुरुस्त करायला गेलेला माणूस वर चढतो आणि खाली उतरतच नाही. याला काय प्रेमकथा म्हणायचं?

सून : बायको वाट बघते ना घरी. म्हणजे थोडी प्रेमकथाही आहे.

सासरे : प्रेमकथावाल्यांशी माझं भांडण निराळंच आहे. दोघांची गाठ घालायला बारा प्रकरणं घेतात, आणि पुढची चाळीस वर्षं एका ओळीत उरकतात. ‘आणि ते सुखाने नांदले.’ अरे, नांदले कसे ते सांग ना! नळाला पाणी नव्हतं तेव्हा कसे नांदले? तुझी सासू माझ्याशी कशी नांदली, त्याचे चार खंड झाले असते.

सून : आणि चारही खंडांत चुका सासूबाईंच्याच निघाल्या असत्या.

सासरे : तोंड सांभाळ. प्रुफं तपासण्यात हयात गेली माझी. चूक दिसली की मी माणूस बघत नसे. चहात साखर नाहीये.

सून : अय्या! विसरले. द्या इकडे.

सासरे : राहू दे. कालही नव्हती. कोण आलं जिन्यात?

सून : कोणी नाही. खालच्या मजल्यावरचे असतील.

सासरे : हो, तिसरी पायरी वाजली नाही. आपल्या जिन्याची ती पायरी सगळे टाळून येतात. तिच्यावर मुद्दाम पाय देणारा गाढव एकच, आणि तो माझ्याच पोटी जन्मला. त्याचा फोन?

सून : आला होता की. काल दुपारी. तुम्ही झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. बरे आहेत, म्हणाले.

सासरे : बरं. समुद्रावरची एखादी कादंबरी आण म्हटलं होतं, त्याला महिना होत आला.

सून : मिळत नाही, बाबा. ग्रंथालयात मागितली होती. हीच वाचू या ना पुढे. “घड्याळजी गेल्याला अकरा दिवस झाले. मनोऱ्यावरचं घड्याळ मात्र दुसऱ्याच दिवशी चालू झालं होतं. लोक म्हणाले, घड्याळ चालतंय म्हणजे माणूस वर आहे. बायको म्हणाली, वर आहे तर जेवतो काय?”

सासरे : वा. हे मात्र बाईचं वाक्य आहे. भयकथा लिहिणाऱ्यांनी हे शिकायला हवं. त्यांना वाटतं, पांढरं लुगडं आणि उलटी पावलं आणली की झालं. भूत दिसलं की भीती संपते. भूत जेवतं काय, हा प्रश्न पडला की सुरू होते. हं, पुढे.

सून : “रात्री म्हाताऱ्याला झोपवून ती दारापाशी आली. त्या दिवसापासून तिने दाराला कडी लावली नाही.” हं... “त्या दिवसापासून तिने दाराला कडी लावली नाही.”

सासरे : थांब.

सून : चुकून दोनदा वाचलं, बाबा. ओळ हरवली माझी.

सासरे : चुकून नाही. ती ओळ तिथे दोनदाच आहे.

सून : काय म्हणता?

सासरे : पान एकशे सेहेचाळीस. वरून सातवी ओळ आणि आठवी ओळ एकच. खिळे जुळवणाऱ्याने एकच ओळ दोनदा जुळवली, आणि माझ्या नजरेतून सुटली. ते पान तपासून परत दिलं आणि तिसऱ्या दिवशी जेवताना आठवलं. ताटावरून तसाच उठलो होतो मी. एकतीस वर्षांत सुटलेली ती एकच चूक. हे पुस्तक मी वाचलंय, पोरी.

सून : वाचलं असेल. तुम्ही काय वाचलेलं नसतं?

सासरे : बघू, हातात दे माझ्या.

सून : अहो, जुनं आहे. पानं सुटताहेत.

सासरे : दे म्हणतोय ना. हं. दोनशेच्या वर असतील पानं. पुठ्ठा कडक आहे. याला शाईचा वास नाही.

सून : जुनं आहे, म्हटलं ना. उडाला असेल.

सासरे : शाईचा वास उडत नाही. माणूस उडतो. धर. आता पुढे काय आहे, सांगू? तो मनोऱ्यात नेलेला डबा परत येतो. कोणीतरी दाराबाहेर ठेवून जातं. निळ्या झाकणाचा. आत काही नसतं. आणि घासून लख्ख धुतलेला असतो.

सून : बाबा, आज पुरे. माझा घसा बसलाय.

* * *

ग्रंथपाल : अहो, आत येऊ नका! आणि यायचंच असेल तर नाकाला रुमाल लावा. वाळवीचं औषध मारलंय. पुस्तकं अजून आठ दिवस मिळायची नाहीत, फळ्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय. पण आपल्याकडे फळा वाचतो कोण? वाचनालय आहे ना हे!

सून : पुस्तक नकोय मला, बाई. तुमच्याशी बोलायचंय. दातांच्या दवाखान्यातल्या कामातून अर्ध्या तासाची सुट्टी काढून आलेय.

ग्रंथपाल : कोणाचा दात दुखतोय? बसा. ती पेटी झटकून बसा. सासरे बरे आहेत ना? तीन वर्षं झाली त्यांची नजर जाऊन, पण अजून कुठलंही पुस्तक उघडलं की समासात त्यांची पेन्सिल सापडते. परवा एक ऐतिहासिक कादंबरी झटकत होते, आत लिहिलंय, ‘घोडा दर पानाला उधळतो, त्याला चारा कधी घालणार?’

सून : त्यांचंच. पाच पिढ्यांच्या कादंबरीवर पण लिहिलं होतं त्यांनी.

ग्रंथपाल : ‘सुरुवातीला वंशवृक्ष छापावा लागला, म्हणजे लेखकालाच पोरं ओळखू येत नाहीत.’ आणि ती दुसऱ्या ग्रहावरची? ‘एवढ्या लांब जाऊनही नळावर भांडतात. तेवढंच खरं वाटलं.’ वाचक असावा तर असा. जीव खातो, पण असावा. बोला, काय झालं?

सून : तुमचं ग्रंथालय बंद झालं ना, त्याला दहा दिवस झाले. बाबांना दुपारी तीन ते चार वाचून दाखवलं नाही तर ते जेवत नाहीत. खरंच जेवत नाहीत. घरातली सगळी पुस्तकं त्यांना पाठ. मग मी त्यांच्या जुन्या ट्रंकेतून एक पुस्तक काढलं. कोरं.

ग्रंथपाल : कोरं म्हणजे?

सून : आत काहीच छापलेलं नाही. पुठ्ठा आहे, शिवण आहे, आणि नुसती पांढरी पानं.

ग्रंथपाल : डमी असेल छापखान्याची. पुस्तक किती जाड होईल, कणा किती रुंद ठेवायचा, ते बघायला आधी कोऱ्या पानांचं एक बांधून घेतात. बरं, मग?

सून : मग ते हातात धरून मी वाचायला लागले. मनचं.

ग्रंथपाल : अगं बाई! दहा दिवस? त्या माणसाला? ज्याने भल्याभल्या लेखकांना रडवलं? धन्य आहात!

सून : पहिल्या दिवशी दर वाक्याला त्यांच्या तोंडाकडे बघत होते मी. पण त्यांना आवडलं. म्हणाले, हा लेखक घाई करत नाही. घाई कशी करणार? पुढे काय ते मलाच कुठे ठाऊक होतं. तोंडाला येईल ते बोलत होते, आणि तोंडाला सारखं तेच येत होतं. कामावर गेलेला माणूस, तो न आल्यामुळे वाट बघणारी बायको, घरात एक म्हातारा.

ग्रंथपाल : तुमचे मिस्टर कुठे असतात सध्या?

सून : दीपगृहांचे दिवे दुरुस्त करतात हे. होडीने जातात. या वेळी तो एकटा खडक आहे ना लांबचा, तिथला दिवा बिघडला होता. आठ दिवसांचं काम होतं. आज सतरावा दिवस आहे, बाई.

ग्रंथपाल : आणि निरोप?

सून : सातव्या दिवशी शेवटचा. ऑफिसात रोज जाते. ते म्हणतात, ज्या वायरलेसवरून फोन जोडून देतात तोच बंद पडलाय, हवा खराब आहे, निवळली की होडी पाठवतो. आज म्हणाले, पाठवली. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी बजावलंय, धक्का बसता कामा नये. मी रोज खोटे फोन सांगते.

ग्रंथपाल : मला सांगायचं नाही होय? एकटीने ओझं वाहत बसलात. पाणी प्या आधी.

सून : ते नाही हो. रडायला नाही आले मी. बाई, बाबा म्हणाले, हे पुस्तक मी वाचलंय. माझी एक ओळ चुकून दोनदा आली, तर म्हणाले, ती तिथे दोनदाच आहे, पान एकशे सेहेचाळीस.

ग्रंथपाल : तुम्हाला सांभाळून घेत असतील. कळलं असेल त्यांना. म्हातारी माणसं बारा गावचं पाणी प्यायलेली असतात.

सून : मलाही तसंच वाटलं. पण पुढे त्यांनी डब्याचं सांगितलं. डबा परत येतो, निळ्या झाकणाचा, धुतलेला. ते मी आदल्या रात्री मनात ठरवलं होतं, बाई. कोणाला बोलले नव्हते. कुठे लिहिलंही नव्हतं.

ग्रंथपाल : तुमच्या मिस्टरांच्या डब्याचं झाकण निळं असेल, दुसरं काय!

सून : हिरवं आहे. म्हणून तर मी मुद्दाम निळं ठरवलं.

ग्रंथपाल : थांबा जरा, आठवतंय काहीतरी.

सून : काय आठवतंय? सांगा ना.

ग्रंथपाल : तुमच्या सासऱ्यांचा छापखाना बंद पडला तेव्हा त्यांच्या मालकांनी जुन्या प्रुफांची गाठोडी आमच्या माळ्यावर आणून टाकली होती. वाळवीमुळे कालच खाली काढलीत. चार आहेत. मी म्हणत होते, जाळून टाकू. बघते थांबून.

सून : सापडणार नाही. असं काही नसतंच.

ग्रंथपाल : नसलं तर बरंच. उद्या दुपारी येऊन सांगते. आणि हो, तिसरी पायरी टाळून येते. मागच्या खेपेला दिला होता पाय, तर म्हातारबुवा धावत आले होते दारापर्यंत. फार वाईट वाटलं होतं मला.

* * *

सासरे : बाई आल्या वाटतं. तिसरी टाळली त्यांनी. या! वाळवीने माझ्या आवडीचं काय काय खाल्लं?

ग्रंथपाल : विनोदी कादंबऱ्या सगळ्या शाबूत आहेत.

सासरे : वाळवीलाही हसू आलं नसेल. विनोदी कादंबरीत पात्रं एकमेकांना टाळ्या देऊन हसायला लागली की समजावं, वाचक हसणार नाही. बसा. आमची वाचायची वेळ झालीय. तीन वाजले का गं?

सून : वाजताहेत. बाबा, आज नको वाचायला. आज मला वेगळं काही...

ग्रंथपाल : सापडलं.

सून : काय?

ग्रंथपाल : तिसऱ्या गाठोड्यात. नाव नाही, लेखकाचं नाव नाही, नुसता छापखान्याचा नंबर. घड्याळजी, बायको, म्हातारा. एकशे सेहेचाळीस पानावर, हे बघा तुमच्या डोळ्यांनी. सातवी ओळ. आठवी ओळ.

सून : “त्या दिवसापासून तिने...” नको. मिटा ते. बाई, मिटा!

सासरे : ओरडू नकोस. बस माझ्याजवळ. हात किती गार पडलेत गं तुझे. कोरं वाचतेयस ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

सून : कशावरून?

सासरे : छापलेलं वाचणारा माणूस वाक्य अर्धं असतानाच पान उलटतो. तुझी वाक्यं पान संपलं की संपायची. दहा दिवसांत एकही वाक्य पलीकडच्या पानावर गेलं नाही. असं कुठलं पुस्तक असतं? पण म्हटलं, पोरगी छान रचतेय, ऐकावं. तिसऱ्या दिवशी मनोऱ्यातलं घड्याळ चालू झालं आणि मला ते पुस्तक आठवलं. रोज मनात म्हणायचो, आज तरी चुकू दे, आज तरी वेगळं वळण घेऊ दे. तू एका शब्दाने चुकली नाहीस. मीही घाबरलोय, पोरी. खोटं कशाला बोलू?

सून : मग बोलला का नाहीत?

सासरे : तू बोललीस का? सतरा दिवस... नाही, आज अठरा. दर तिसऱ्या दिवशी त्याचा फोन यायचा, आणि आला की तू ताट घासताना गुणगुणायचीस. अकरा दिवस तू गुणगुणली नाहीस. आंधळा झालोय, बहिरा नाही झालो.

सून : डॉक्टर म्हणाले होते...

सासरे : डॉक्टरला म्हणावं, शेजारच्या खोलीत कोणी उशीत तोंड खुपसून रडतंय, ते रोज ऐकण्याने हृदयाला काय होतं तेही सांग.

सून : बाबा, मग आता मला एकच सांगा. शेवट काय आहे?

सासरे : शेवट मी कोणालाही सांगत नाही. आयुष्यात सांगितलेला नाही. तुझी सासू अर्धवट वाचलेलं पुस्तक घेऊन दवाखान्यात गेली, तिलाही नाही सांगितला. म्हणालो, घरी आल्यावर स्वतः वाच.

सून : आणि त्या आल्या नाहीत.

सासरे : नाही आली.

सून : तरी तुमचं तेच चाललंय! हे पुस्तक नाही हो, माझा नवरा आहे! तुमचा मुलगा आहे! तो परत येतो की नाही, एवढंच सांगा. हो की नाही. मी पाया पडते तुमच्या.

सासरे : मला खरंच ठाऊक नाही.

सून : वाचलंय म्हणता ना!

सासरे : वाचलंय, म्हणूनच ठाऊक नाही. त्यावरूनच तर भांडण झालं. लेखक छापखान्यात येऊन बसायचा, बोलायचा नाही कोणाशी. मी शेवटच्या पानावर समासात एक प्रश्न लिहिला. तो म्हणाला, तुम्ही काना-मात्रा बघा. मी म्हणालो, काना-मात्रा बघूनच विचारतोय. दुसऱ्या दिवशी हस्तलिखित उचलून घेऊन गेला. पुस्तक छापलंच नाही. ती डमी तेवढी राहिली, ती मी घरी आणली.

सून : म्हणजे हे कोरं पुस्तक...

सासरे : त्याचंच.

ग्रंथपाल : प्रश्न आहे इथे, तांबड्या पेन्सिलीने. शेवटची ओळ मी वाचलीय. मला जरा पाणी द्या.

सून : वाचा. मोठ्याने वाचा, बाई.

सासरे : वाचायची नाही! बाई, प्रुफं मिटा. पोरी, डमी घे हातात. कुठे थांबलो होतो आपण?

सून : तुम्हाला वेड लागलंय का?

सासरे : लागलं असेल. जे छापलंच नाही त्याचा शेवट ठरलेला नसतो. प्रुफात काही असो, सही होईपर्यंत बदलता येतं. मी एकतीस वर्षं हेच काम केलंय. तू वाच. आणि ऐक, मला जुळवून आणलेला शेवट दे.

सून : तुम्हाला?

सासरे : मला. ज्याने शेवटच्या पानावर होडी किनाऱ्याला लावणाऱ्या प्रत्येक लेखकाला शिव्या घातल्या, त्याला. लाव होडी किनाऱ्याला. हलकं वाच, स्वस्त वाच, योगायोगाने वाच. माझं पोरगं आहे ते.

सून : मला नाही जमायचं, बाबा.

सासरे : मी हात धरतो. हं.

सून : “डबा परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी... दुपारची वेळ होती. म्हातारा खुर्चीत बसला होता. शेजारची बाई आली होती. तिने पाणी मागितलं होतं, आणि द्यायचं राहून गेलं होतं.”

ग्रंथपाल : अहो, हेच आहे. इथे हेच लिहिलंय...

सासरे : गप्प बसा, बाई. वाच गं.

सून : “दाराला कडी नव्हती. बायकोने म्हाताऱ्याचा हात घट्ट धरला. खाली रस्त्यावर कोणाची तरी पावलं थांबली. मग ती जिन्यापाशी आली. पहिली पायरी. दुसरी पायरी.”

सासरे : थांब. वाजली.

सून : काय वाजली?

सासरे : तिसरी. तू वाचलीस ना आत्ता?

सून : नाही, बाबा. मी अजून दुसरीवरच आहे.

ग्रंथपाल : शेवटची ओळ. ‘तिसरी पायरी वाजली.’ एवढीच आहे. पुढे काही नाही.

सासरे : आणि समासात मी काय लिहिलंय ते सांगा तिला.

ग्रंथपाल : ‘कोण आलं?’

सासरे : आपला जिना त्या लेखकाने कधी पाहिला नव्हता, पोरी. आणि त्याच वर्षी हा पोरगा त्या पायरीवर उड्या मारायला शिकला होता. म्हणून विचारलं मी. त्याने उत्तर दिलं नाही. तू विचार. दार तूच उघडं ठेवलंयस.

सून : मला भीती वाटतेय, बाबा.

सासरे : मलाही. विचार.

सून : कोण... कोण आहे?

(दार ढकलल्याचा आवाज.)

मुलगा : अगं, मी! दाराला कडी का नाही? आणि हे काय, सगळे असे भिंतीला पाल चिकटल्यासारखे का बसलात?

सून : अहो! अहो, तुम्ही... हात बघू. इकडे या आधी, हात लावू द्या मला.

मुलगा : रडतेस कशाला? होडीचं इंजिन गेलं आणि वायरलेसही गेला, एवढंच. आज सकाळी दुसरी होडी आली. बाबा, मी आलोय. बरा आहे अगदी. नुसता वाळलोय.

सासरे : आवाज बसलाय तुझा.

मुलगा : कोणाशी बोलणार तिथे? नुसतं पाणी चारी बाजूंना. हसू नका हं, पण मी वेडा होत चाललो होतो, बाबा. रोज दुपारी तीनच्या सुमाराला, वारा पडला की हिचा आवाज यायचा. काहीतरी वाचत असल्यासारखा. शब्द कळायचे नाहीत. मी दिव्याच्या काचेला कान लावून बसायचो. त्या एका तासासाठी दिवस काढले मी.

सून : शब्द एकही नाही कळला?

मुलगा : एकच ओळ कळली. परवाची. कडीचं काहीतरी होतं. तीसुद्धा कळली कशी, तर तू ती दोनदा म्हणालीस.

ग्रंथपाल : मी निघते. नाही, बसते. मला एकटीला जिना उतरवणार नाही.

सून : बाबा, ऐकलंत?

सासरे : ऐकलं. ती चूक माझी होती. सुटली ते बरं झालं.

सून : आणि शेवट?

सासरे : अगदीच जुळवून आणलाय. हलका आहे. दुसऱ्या कोणी लिहिला असता तर फाडून खाल्ला असता मी त्याला.

सून : मग काय करू?

सासरे : काही नको करूस. छापायला हरकत नाही.